हयात, बकलम खुद्द

निवृत्त शिक्षकाचे वर्ष गुढीपाडव्यास सुरू होत नाही, आणि जूनमध्ये शाळेची घंटा झाली म्हणूनही सुरू होत नाही. ते नोव्हेंबरात सुरू होते, कारण त्या महिन्यात आपण जिवंत असल्याचे सरकारला रीतसर कळवावे लागते, आणि सरकारने ते एकदा मान्य केले की पुढल्या नोव्हेंबरापर्यंत आपल्या जगण्यास कोणाची हरकत उरत नाही. या कागदास हयातीचा दाखला म्हणतात. आमच्या गोतावळ्यात दरसाल सर्वांना खुशालीचा वृत्तांत धाडण्याचे काम, अक्षर वळणदार असल्याच्या सबबीवर, फार पूर्वीपासून मजकडे मुक्रर झालेले असल्याने यंदाचाही वृत्तांत मी शिरस्त्याप्रमाणे कुटुंब, प्रकृती आणि प्रवास अशा तीन प्रकरणांत लिहावयास घेतला होता. परंतु या दाखल्याने ती तिन्ही प्रकरणे एकमेकांत अशी कालवली की त्यांचे गुण वेगवेगळे देणे आता कोणाही परीक्षकाच्या आवाक्यातले राहिलेले नाही.

कुटुंबाविषयी प्रथम. आम्ही उभयता नांदेडास असतो, चिरंजीव नोकरीनिमित्त लातुरास असतात, आणि कन्या पुण्याहून दररोज दूरध्वनी करून माझ्या रक्तातील साखरेची, व ती संपल्यावर माझी, चौकशी करते. नातू वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत आहे. म्हणजे घरातील इतर सर्वजण हळू बोलतात. लातुरास यात नवल नाही. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ख्यात झालेल्या अध्ययनपद्धतीमुळे या शहरात परगावची इतकी मुले येऊन राहतात की शिकवणी, खानावळ आणि वसतिगृह यांच्या पाट्या उतरविल्यास काही रस्त्यांवर भिंती उरतील की नाही याची शंका वाटावी. त्या पाट्यांवरील शुद्धलेखन हा माझ्या सायंकाळच्या फेरफटक्याचा मुख्य विषय असून त्यांतील ऱ्हस्वदीर्घाविषयी मी काही संचालकांस समक्ष भेटून बोललोही आहे. त्यांनी मला पालक समजून शुल्काचे पत्रक दिले.

सूनबाई सुगृहिणी आहे, मात्र न्हाणीघरापासून गच्चीपर्यंत तिची पाण्याची पिंपे उभी असतात, आणि पाऊसपाणी कितीही झाले तरी ती हलत नाहीत. २०१६ च्या एप्रिलात लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. ज्या मिरज-लातूर वाटेने एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी माणसे घेऊन येई, त्याच वाटेने टाक्यांत भरलेले पाणी आले, आणि फलाटावर लोकांनी त्या पाण्याचे स्वागत केले. त्या उन्हाळ्यापासून सूनबाई आल्यागेल्याला पाणी हवे का असे विचारते, आणि त्यानंतर, किती, असेही विचारते. बाकी स्थलदर्शन म्हणाल, तर सोळा रस्ते जेथे एकत्र येतात ती गंजगोलाई मी पुन्हा एकदा पाहिली. त्यांपैकी पंधरा आपले नसतात.

प्रकृतीच्या प्रकरणात मुख्य वार्ता उजव्या डोळ्याची. त्यातील मोतीबिंदू नोव्हेंबरात लातूर मुक्कामी काढण्यात आला, आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ, धूर, डोक्यावरून स्नान आणि खाली वाकणे या चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या. खाली वाकणे वर्ज्य झाल्याचे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “ते तर लग्नापासूनच वर्ज्य आहे.” अशा रीतीने सबंध नोव्हेंबर मी काळा चष्मा लावून पलंगावर पडून असता नांदेडच्या एका निवृत्त स्नेह्याचा दूरध्वनी आला, की दफ्तरातील यादीत माझ्या नावापुढे सही नसल्याकारणाने माझे निवृत्तिवेतन थांबविण्याची तजवीज चालली आहे. “तुम्ही बरे आहात ना?” असेही त्यांनी शेवटी विचारले, पण तो प्रश्न प्रकृतीविषयी नसून हयातीविषयी आहे हे त्यांच्या स्वरावरून स्पष्ट होते.

डॉक्टरांचा महिना संपताच आम्ही निघालो. सौभाग्यवतींचा महिना मात्र संपलेला नव्हता, सबब काळ्या चष्म्यावरून माझ्या मस्तकास एक पांढरा पंचा असा गुंडाळण्यात आला की त्याचे एक टोक छातीवर लोंबत राहावे आणि धुळीची चाहूल लागताच ते तोंडावर ओढता यावे. चाकूर झाले, अहमदपूर झाले, आणि लोह्याच्या अलीकडे आमची गाडी उभी राहिली. पुढे गाड्या, बैलगाड्या, घोडी, पिवळीधमक माणसे आणि डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया यांचा असा लोंढा लागला होता की रस्ता कोठे संपतो आणि शिवार कोठे सुरू होते हे सांगता येऊ नये. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी होती. माळेगावच्या खंडोबाची पालखी निघण्याचा दिवस.

“गाडी अडली नाही,” सौभाग्यवती हात जोडून म्हणाल्या, “देवानं अडवली. कुलदैवत आहे आपलं. दरवर्षी तुम्ही म्हणता, पुढच्या वर्षी. अहो, उतरा.” वाहकानेही रस्ता मोकळा व्हावयास दुपार होईल असे सांगितले. देव, पत्नी आणि वाहक या तिघांचे एकमत झाल्यावर निवृत्त माणसाने आसन सोडावे हे उत्तम.

माळेगावची यात्रा ही माणसांइतकीच जनावरांची यात्रा आहे. घोडे, उंट, गाढवे, कुत्री आणि बैल यांचा बाजार येथे मैलभर पसरतो. तमाशाचे फड पडतात, कुस्त्या होतात, वाघ्यामुरळी नाचतात. दर्शन भंडाऱ्याच्या ढगातून झाले. पंचा तोंडावर असल्याने मला देवाचा वर्ण काय तो पिवळा दिसला. जनावरे मात्र मी चष्मा वर सरकवून पाहिली, कारण कंधार तालुक्यात मास्तरकी करीत असताना तांबड्या गर्द रंगाच्या लाल कंधारी बैलांची आणि माझी चांगली ओळख झालेली होती. शिवाय शेजारच्या देवणीची जनावरे अंगावरील काळ्यापांढऱ्या रंगावरून वानेरा, शेवरा आणि बालंक्या अशी तीन प्रकारची ओळखतात, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना विशेषणे शिकविताना सांगत असे. एका शेवऱ्याची शिंगे तेलाने इतकी चोपडलेली होती की त्यांत आकाश दिसत होते. येथपर्यंत सर्व ठीक होते.

सौभाग्यवती बांगड्यांच्या पालाशी थांबल्या, आणि मी दहा पावले पुढे, एका पाटीसमोर थांबलो. पाटीवर खडूने लिहिले होते, ‘गाढव विकने आहे.’ पुढे काय घडले ते मी केवळ व्याकरणाच्या हिताकरिता केले हे प्रथम नमूद करतो. मी त्या ‘न’ वर बोट ठेवले आणि मान हलविली. तत्क्षणी एक पागोटेवाला गृहस्थ माझ्या बाजूस येऊन उभा राहिला व हळूच म्हणाला, “मालक, नजर हाय तुमची.”

ज्याच्या डोळ्यास नुकतेच शस्त्र लागले आहे त्यास हे वाक्य किती गोड वाटावे! मी स्मित केले. गृहस्थाने माझ्या पंच्याचे लोंबते टोक उचलले, त्याखालून माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि माझी बोटे दाबली. काळा चष्मा, मस्तकी फडके आणि गर्दी पाहून एखादा सुसंस्कृत मनुष्य वृद्धास आधार देत आहे असेच कोणाही सज्जनास वाटले असते. मी कृतज्ञतेने त्याची बोटे दाबली. त्याने दुःखाने मान हलविली आणि निराळी बोटे धरली. मी अधिक आपुलकीने दाबली. तो क्षणभर विचारात पडला, पुन्हा बोटे बदलली, आणि मी, आता पुरे, अशा अर्थाने त्याचा सबंध पंजाच धरला. “झालं!” असे ओरडून त्याने माझ्या तळहातावर टाळी दिली, आणि कोणीतरी मूठभर भंडारा उधळला.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही, हे मी वाचलेले होते. दलाल आणि गिऱ्हाईक फडक्याखाली हात घालतात आणि बोटे धरून आकडा सांगतात, म्हणजे भोवतालच्या शंभर कानांना त्याचा पत्ता लागत नाही. एकदा टाळी पडली की कागद नाही, सही नाही, सौदा पक्का. वाचलेले आणि अंगावर आलेले यांतील अंतर विद्यार्थ्यांस समजावून सांगण्यात माझी नोकरी गेली, तरी ते इतके कमी असेल असे वाटले नव्हते.

“इसार काढा, मालक.”

“कसला इसार?”

“ह्याचा.” त्याने दोरी माझ्या हाती दिली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकास असलेल्या प्राण्याचा जबडा फाकून दाखविला. “चौवान हाय. चार दात मोजून घ्या. दुवान द्यायलो न्हाई तुमाला फसवायला, आन् म्हातारं तर न्हाईच न्हाई.” चार पिवळसर दात मी मोजले. तेवढ्या कारवाईने त्या प्राण्याच्या वयाची सरकारी खातरजमा पूर्ण झाली होती. गाढवाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या मुद्रेवर नाराजी होती असे मला म्हणावयाचे नाही. परंतु उत्साहही नव्हता.

इतक्यात सौभाग्यवती कोपरापर्यंत हिरव्या होऊन परतल्या. “अहो, हे कोणाचं?”

“आपलं आहे, असं हे म्हणतात.”

मला वाटले होते, त्या माझी बाजू घेतील. परंतु गृहिणीचा पिंड हा प्रसंगाहून बलवत्तर असतो. “कितीला?” त्यांनी दलालास विचारले. त्याने आकडा सांगितला. “एवढे? गाढवाला? खूर तरी बघा त्याचे!” आणि त्या भाव पाडू लागल्या. त्यामुळे सौदा झालेला आहे या गोष्टीस आमच्याच घरातून साक्ष मिळाली, वाद फक्त रकमेचा उरला, आणि तोही ऐकावयास आजूबाजूची सर्व घोडी, उंट आणि त्यांचे मालक गोळा झाले. एक वृद्ध पंच आला, एक तरुण पंच आला, दोघांच्या पाठोपाठ चहावालाही आला. सर्वजण एकदम बोलू लागले. कोणी म्हणे, बोटं दिली म्हंजे दिली. कोणी म्हणे, चष्मेवाल्याकडं पैका हाय, नाटक करूलालाय. तेव्हा माझ्या कंठातून, मी काही ठरविण्यापूर्वीच, तो जुना स्वर बाहेर पडला: “शांत बसा! ज्याला बोलायचं आहे त्यानं हात वर करा!”

बाजार शांत झाला. उंटदेखील. आणि मागल्या रांगेतून एक हात वर आला.

हात चाळिशीच्या एका धिप्पाड मनुष्याचा होता; दुसऱ्या हातात लाल कंधारी बैलाची वेसण होती. तो पुढे आला, त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “गुर्जी? तुमी की ओ!... आन् तुमी तर वारलाव की!”

चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, माझ्याच आडनावाच्या एका शिक्षकाचे काही वर्षांपूर्वी निधन झाले असता, मी पूर्वी ज्या गावी होतो तेथे ती शोकसभा माझ्या नावाने पार पडली होती. शाळेस अर्धी सुटी देण्यात आली. मुले, तो म्हणाला, फार हळहळली, आणि नंतर खेळली. मी विचारले, सभेस माणसे किती होती? तो म्हणाला, चिक्कार. भाषणे कोणी केली? त्याने नावे सांगितली. त्यांतील दोघांनी मी हयात असताना माझ्याशी धड भाषण केलेले नव्हते, आणि आता ते माझ्या वक्तशीरपणावर गहिवरून बोलले होते. अध्यक्षस्थानी कोण होते हे ऐकून मात्र माझा संताप अनावर झाला; पण ते येथे लिहीत नाही.

वृद्ध पंचाने हे सर्व ऐकून घेतले, विडी विझविली आणि निकाल दिला: “ज्याची शोकसभा झाली, त्याचा सौदा धरत न्हाईत. गाढव परत.”

हा निकाल न्याय्य असला तरी त्यातील गृहीतक मला मान्य नव्हते. मी हयात आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठीच नांदेडास निघालो आहे, हे मुद्देसूद मांडावयास मी तोंड उघडले. तोच सौभाग्यवतींनी पंच्याचे टोक माझ्या तोंडात कोंबले. “अहो, गाढव जाईपर्यंत तरी मेलेले राहा!” मी राहिलो. दलालाने सर्वांना माझ्या खर्चाने चहा पाजला.

शिष्याने आम्हाला सोडले नाही. दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातल्या या वेळ अमावास्येला आमच्या लातूर-नांदेडकडे माणूस घरी जेवत नाही, शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते आणि सगळे गणगोत बांधावर भज्जी, उंडे आणि आंबील यांचा फन्ना उडविते. त्याच्या शेतात मी आंबिलीचे गाडगे तोंडाला लावून बसलो होतो, तेव्हा त्याने, आता गावचा सरपंच असल्याने, आपल्या गाडीतून सरपंचाचे छापील कागद आणले आणि एकावर स्वतःच्या हाताने लिहून, शिक्का मारून, तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. चौथीच्या वर्गात त्याचा हात पेन्सिलीवर ठरत नसे. त्याच्या बोटांवर माझी बोटे ठेवून मी त्याला अक्षरे गिरवावयास लावीत असे. कागदावर होते: ‘आमचे गूरुजी जिवंत आहेत. मी समक्ष पाहिले.’ ‘गु’ दीर्घ होता. माझ्या खिशात तांबडे पेन होते. ते मी खिशातच ठेवले.

नांदेडच्या दफ्तरात त्या कागदाचा उपयोग झाला नाही. तेथे एक यंत्र होते. १० नोव्हेंबर २०१४ पासून केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय केलेली असून तीत अंगठा यंत्रावर टेकला की आधारच्या नोंदीशी त्याचा मेळ बसतो आणि मनुष्य जिवंत ठरतो. माझ्या अंगठ्याचा मेळ बसेना. धुतला, पुसला, गरम केला, डावा दिला; यंत्राचे उत्तर एकच. टेबलामागील तरुण बाई अत्यंत विनयशील होत्या. “सर, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत,” त्या म्हणाल्या. खडूने सारी हयात खाल्ली, त्यात रेषांचा काय पाड! ज्या प्रौढांच्या बोटाची शाई पुसून मी रात्रीच्या वर्गात त्यांना सही शिकविली, त्यांच्या मास्तराकडे उतारवयात अंगठा मागावा, आणि तोही नापास करावा, याची मला जी चीड आली ती विनोदाच्या पदराखाली झाकावयाची माझी इच्छा नाही.

त्या बाकावर बसलो असता मला किल्लारीचा भूकंप आठवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर-उस्मानाबादची कित्येक गावे दगडमातीखाली गेली; सरकारी गणतीनेच मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात जातो. आम्ही काही शिक्षक मदतीस गेलो होतो, आणि अक्षर वळणदार म्हणून मजकडे वही आली. पत्र्याच्या आडोशाला मी उरलेल्यांची नावे लिहीत असे. माणूस येई, समोर बसे, आणि म्हणे, “मी हाव.” मी लिही. एक बाई आली, स्वतःचे नाव सांगितले, मग तिच्या पाच माणसांची नावे सांगितली, आणि म्हणाली, “ही लिवू नगा, गुर्जी. नुसती ऐका.” पुरावा कोणी मागितला नाही. तसले नाव खोटे सांगण्यास कोण येणार होते?

मधल्या सुटीत सौभाग्यवती मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेल्या. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेवला त्या स्थानी महाराजा रणजितसिंगांनी बांधविलेले सचखंड हुजूरसाहिब आम्ही नांदेडकर पाहुणे आल्यावरच पाहतो. लंगरात पंगतीला बसलो तेव्हा वाढणाऱ्याने ना यादी पाहिली ना अंगठा, डाळ वाढली.

दुपारी बाईंनी तोडगा काढला. अंगठा न जुळल्यास चेहरा दाखवून काम होते, अशी नवी सोय आहे. त्यांनी भ्रमणध्वनी माझ्या तोंडासमोर धरला, चष्मा काढावयास लावला, आणि म्हणाल्या, “सर, आता डोळे मिचकवा.” मी, ज्याने शाळेच्या आवारात असल्या वर्तनाबद्दल कित्येकांना बाकावर उभे केले, धर्मपत्नीच्या देखत एका परस्त्रीकडे पाहून डोळे मिचकावले. उजवा, नवा असल्यामुळे, जरा जास्तच तत्परतेने मिटला. यंत्राने हिरवी खूण दिली. मी हयात झालो.

संध्याकाळी लातुरास ही वार्ता कळविली तेव्हा नातू अभ्यासातून मान वर करून म्हणाला, “आजोबा, हे घरी बसून माझ्या मोबाईलवर दोन मिनिटांत झालं असतं.” झाले असते. परंतु मग माळेगाव घडले नसते, येळवस घडली नसती, आणि माझ्या शोकसभेचा वृत्तांत मला कधीच कळला नसता; घरबसल्या सिद्ध होणाऱ्या हयातीत हे काहीच येत नाही.

निवृत्त बंधुभगिनींना माझी विनंती इतकीच, की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दाखला उरकावा, अंगठा जुळत नसल्यास चेहऱ्याची सोय आग्रहाने मागावी, आणि जनावरांच्या बाजारात दोन्ही हात खिशात ठेवावे. तसेच कोणाही गावाने आपल्या मास्तराची शोकसभा भरविण्यापूर्वी तो खरोखर गेला की नाही याची खातरजमा करावी. हयात असल्याचे आढळल्यास सभा रद्द करण्याचे कारण नाही, अध्यक्षस्थान मात्र त्यालाच द्यावे.